हट्टी नर आणि पिंजऱ्यातला तित्तर

अमेरिकेतला शिकारी मादीचा आवाज काढून रानटर्कीच्या नराला बोलावतो. पण टर्कीत नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. त्यामुळे हट्टी नर उत्तर देतो, पण लांबच थबकतो. यावं तर तिने! अशा वेळी मुरलेला शिकारी सरळ गप्प बसतो. मादी निघून चालली असं वाटून नर कधी कधी स्वतःच शोधायला येतो.

वऱ्हाडातल्या फासेपारध्यांची रीत वेगळी. अकोला-अमरावतीकडच्या पडीक रानात, धुऱ्यावरच्या बोरी-बाभळींच्या आडोशाला तित्तराचा नर आपली हद्द राखून असतो. पारधी माणसाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून नेमका त्या हद्दीत ठेवी आणि भोवती फासे रोवी. पिंजऱ्यातला ओरडला की हद्दीचा मालक तावातावाने धावून येई आणि पाय फाशात अडके. तिथे प्रेमाचं आमिष, इथे भांडणाचं. मला दुसरं जास्त चतुर वाटतं.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता तित्तराची शिकार गुन्हा आहे. त्याआधी १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. पारध्यांवरही तो शिक्का बसला. आता अकोला-वाशीम भागातले काही पारधी तणमोर हा पक्षी वाचवण्याच्या कामात आहेत. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उंच उडी मारतो आणि बेडकासारखा आवाज काढतो. तो कुठल्या माळावर सापडेल, हे या पारध्यांइतकं फार थोड्यांना कळतं.