माती तुमच्या गावची, गादी सगळ्यांची

आपल्या जालना जिल्ह्यात जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. हलगी कडाडायला लागली, की पोरंटोरं पुढची जागा धरायला पळतात. पण हौद्यातली माती कधी नीट पाहिलीत का? आपल्या शेतातली काळी माती वाळली की ढेकूळ, भिजली की चिखल. तिच्यावर पाठ आपटून बघा म्हणजे कळेल! म्हणून हौद्यासाठी तांबडी माती आणतात, चाळतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू मिसळतात. किती मिसळायचं? त्याचा नियम कुठल्या पुस्तकात नाही. वस्ताद म्हणतील ते खरं.

मैदानाला स्वतःचा चेहरा येतो तो इथूनच. नियमांनी जे मोकळं सोडलं, ते गाव आपल्या परीने भरतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलचंही असंच आहे. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत 90 फूट, हे अंतर ठरलेलं. पण कडेची भिंत किती लांब, किती उंच, ते ज्या त्या मैदानाचं निराळं. बोस्टनचं फेनवे पार्क सुरू झालं 1912 साली. त्याच्या डाव्या अंगाला रस्ता अगदी खेटून. मैदान वाढवणार कुठे? मग भिंतच उंच केली. आज ती 37 फूट आहे, म्हणजे तीन मजली घराएवढी! दुसरीकडे जो फटका सहज बाहेर जाईल, तो इथे भिंतीवर थडकून परत येतो. हिरव्या रंगामुळे लोक तिला ‘हिरवा राक्षस’ म्हणतात.

योगायोग पाहा, त्याच 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान तयार झालं. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. तिथे रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. पार मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही पाठ टेकली की नाही, ते दिसलं पाहिजे ना!

पुढे गादी आली. कुस्तीचं वर्तुळ 9 मीटर व्यासाचं, जालन्यात तेवढंच आणि टोकियोतही तेवढंच. ऑलिंपिकला जायचं तर गादी हवीच, त्यावर रुसून चालणार नाही. मातीत वाढलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवलं, तेही गादीवरच. पण गादीला ना वास, ना गाव.

डिसेंबर 2018 मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ आपल्या जालन्यात झाली, आठवतं? नसेल तर बाबांना विचारा. माती गटातून आला बाला रफिक शेख, गादी गटातून आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके. शेवटची लढत गादीवर. जिंकला कोण? मातीवाला, 11-3 गुणांनी!

तर यंदा जत्रेला जरा लवकर जा. हलगी सुरू व्हायच्या आधी हौद्यापाशी वस्ताद माती उकरत असतील. ती कुठून आणली आणि तिच्यात काय काय घातलं, ते त्यांनाच विचारा. मूठभर हातात घेऊन वासही घेऊन बघा. मात्र पायातल्या चपला बाहेर काढून, बरं का!