सुझान वालादाँची रेखाटने : नग्नचित्रणातील मॉडेलची दृष्टी

विवस्त्र मॉडेलवरून केलेले रेखाटन हा युरोपीय कलाशिक्षणाचा पाया मानला जात असे. स्त्रीला या वर्गात स्थान होते ते प्रामुख्याने मॉडेल म्हणून. पॅरिसच्या एकोल दे बोझार या शासकीय संस्थेने विद्यार्थिनींना १८९७ मध्ये प्रवेश दिला. खाजगी अकादमी ज्युलियाँमध्ये त्या आधीपासून शिकत होत्या, परंतु पुरुषांपेक्षा अधिक शुल्क भरून. सुझान वालादाँ (१८६५–१९३८) हिला यांपैकी कोणतीच वाट खुली नव्हती, म्हणून तिच्या रेखाटनांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

कष्टकरी आईची ही मुलगी सर्कशीतील अपघातानंतर मोंमार्त्रमध्ये मॉडेल झाली. प्युव्ही द शावान, रेन्वार, तुलूझ-लोत्रेक यांच्यासमोर ती बसली. रेखाटनाचा नाद बालपणापासूनचा. पुढील शिक्षण मात्र चित्रकारांचे काम चालू असता ते न्याहाळून झाले. एदगार दगाने तिची रेखाटने विकत घेतली आणि तिला उत्कीर्णनाचे तंत्र शिकविले.

दगाचे ऋण तिच्या विषयांत स्पष्ट दिसते. १८८६ च्या प्रदर्शनातील त्याच्या स्नानमग्न स्त्रिया कोणाच्या नकळत पाहिल्यासारख्या आहेत. पाहणारा चित्राबाहेर, अदृश्य. वालादाँच्या स्नानचित्रांत बऱ्याचदा दुसरी स्त्री उपस्थित असते : मुलीजवळ बसलेली वृद्धा किंवा मोलकरीण. त्यामुळे नग्नता हे चोरून पाहण्याचे दृश्य न राहता घरातील नित्यकर्म होते. तिची बाह्यरेषा जाड व ठाम आहे; आतील छायाप्रकाश अत्यल्प. वाकलेली पाठ, अवघडलेले खांदे, किशोरवयीन देहाचा बेढबपणा यांना ती सौंदर्याच्या संकेतानुसार गोलाई देत नाही. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिल्याने शरीराचा भार कोठे पडतो, हे तिला स्वानुभवाने ज्ञात होते. हा अनुभव तिच्या रेषेत उतरला आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. अर्थात, स्त्रीने काढले म्हणून प्रत्येक नग्नचित्र निर्दोष ठरत नाही. तिच्यासमोरही मॉडेल बसतच होत्या.

समाजाची अडचण वेगळीच होती. १९०९ च्या ‘आदम आणि ईव्ह’ या तैलचित्रात तिने स्वतःला व आपला प्रियकर आंद्रे उत्तर याला विवस्त्र रंगविले. कालांतराने आदमच्या कमरेवर द्राक्षवेलीची पाने चढविण्यात आली. ईव्ह आहे तशीच राहिली.