आख्यान त्यांचे, भाषण आपले

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम सोडून देणारा खेळाडू बहुधा एकच कारण देतो : आता करण्यासारखे काही उरले नाही. सगळ्या मोहिमा झाल्या, पात्र शेवटच्या लेव्हलला पोचले, हवी ती तलवार मिळाली, आणि मग कंटाळा आला. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या खेळात प्रत्येकजण एक पात्र घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी वैदू, कोणी चेटकीण, कोणी लोहार. मग इंटरनेटवरून हजारो लोकांची पात्रे एकाच कल्पित जगात वावरू लागतात. तिथे डोंगर असतात, बाजार भरतात, कंपनीने रचलेली कथा असते. कामे पार पाडली की पात्राची ताकद वाढते. बुद्धिबळाचा डाव मात झाल्यावर संपतो, तसा हा खेळ संपत नाही. म्हणूनच ही तक्रार नीट तपासावीशी वाटते. हजारो माणसे ज्या जगात आहेत, तिथे करण्यासारखे काही उरत नाही, असे होईलच कसे? उरत नाही ते कंपनीने दिलेले कथानक. माझे म्हणणे असे की, या खेळांतला आनंद पहिल्या दिवसापासून खेळाडूनेच घडवायचा असतो, आणि ते काम कंपनीवर सोडणारा माणूस खेळाचा मोठा भाग न खेळताच उठतो.

हे पटवायला सांगलीइतके चांगले ठिकाण नाही. 1842 साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी पदरच्या विष्णु अमृत भावे ऊर्फ विष्णुदास या तरुणाला मराठीत असे काही करून दाखवायला सांगितले. 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तो खेळ चालायचा कसा, याकडे मात्र कमी लक्ष जाते. विष्णुदासांनी लिहून दिली होती ती पदे. सूत्रधार ती गायचा, आख्यान पुढे न्यायचा, आणि पात्रांची गद्य भाषणे नटांवर सोपवलेली असायची. राम धनुष्य मोडणार हे पक्के होते. रावण फजीत होणार हेही पक्के होते. पण फजीत होताना रावण काय बोलेल, किती आरडाओरडा करील, विदूषक सूत्रधाराला कुठे अडवील, हे त्या रात्री त्या नटाच्या हाती होते. राक्षसांच्या या धुमाकुळामुळे पुढच्या पिढीने या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवले. मला त्या धुमाकुळात त्यांची खरी ताकद दिसते. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी लोक रात्र रात्र बसत, कारण पात्रे काय बोलतील ते कोणालाच पाठ नव्हते.

ही रीत दरबारापुरती नव्हती. तमाशात गणगौळण झाली की बतावणी येते, आणि बतावणीत सोंगाड्याला समोरच्या माणसाचा शब्द पकडून तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. पठ्ठे बापूराव ज्या रेठरे हरणाक्षचे, ते गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. त्यांच्या काळी तो तालुका सातारा जिल्ह्यातच होता, सांगलीचा वेगळा जिल्हा ‘दक्षिण सातारा’ या नावाने 1949 साली झाला. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांची जोडी याच पठडीतली. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या गावांत आजही होणारे सोंगी भजन तर अगदी साध्या माणसांचे : दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून देव होतो, राक्षस होतो, सावकार होतो. म्हणजे ठरलेल्या चौकटीत शिरून आपल्या बुद्धीने सोंग वठवायचे, हा आनंद या मातीला नवा नाही. संगणकाने त्याला दुसरी जागा दिली.

संगणकावरच्या अशा जगाची सुरुवात 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते; खोलीचे, गुहेचे वर्णन अक्षरांत यायचे आणि खेळाडूही अक्षरांतच बोलायचे. याच बार्टल यांनी 1996 साली एक लेख लिहिला. लोकांना या खेळातून नेमके हवे तरी काय, यावर खेळाडूंमध्येच रंगलेल्या लांबलचक वादातून त्यांनी चार प्रकारची माणसे वेगळी काढली. काहींना गुण आणि ताकद मिळवायची असते. काहींना जग कसे बनले आहे ते धुंडाळायचे असते. काहींना माणसे हवी असतात, खेळ हे गप्पांचे निमित्त. आणि काहींना दुसऱ्याला हरवण्यातच मजा येते. पुढच्या अभ्यासकांनी या विभागणीत बऱ्याच दुरुस्त्या केल्या, तरी मूळ मुद्दा टिकला : एकाच जगात, एकाच वेळी, माणसे वेगवेगळे खेळ खेळत असतात. आपला प्रकार न ओळखता दुसऱ्याच्या वाटेने चालणारा खेळाडू लवकर थकतो. सगळ्यांत वेगवान मार्ग कोणता, सगळ्यांत भारी शस्त्र कोणते, हे सांगणाऱ्या व्हिडिओंचा आज सुकाळ आहे. ते पाहून खेळणाऱ्याला गती मिळते, पण धुंडाळण्याचा स्वभाव असलेल्या माणसाची शोधण्याची जागाच त्यात हिरावली जाते.

खेळाडूंनी काढलेल्या वाटा पाहिल्या की हे अधिक स्पष्ट होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 2012 साली पांडारेन नावाची अस्वलासारखी जमात आली. ती एका बेटावर सुरुवात करते, आणि बेट सोडताना दोन लढणाऱ्या पक्षांपैकी एक निवडावा लागतो. एका खेळाडूने पक्ष निवडलाच नाही. तो त्या नवशिक्यांच्या बेटावरच राहिला आणि वनस्पती खुडून, खनिजे खणून शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचला. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडच्या कंपनीचा अवकाशातला खेळ लढायांसाठी आणि दगाफटक्यासाठी प्रसिद्ध. त्यात कातिया साए या नावाने वावरणाऱ्या खेळाडूने नऊ वर्षांहून अधिक काळ घालवून 2019 साली साडेसात हजारांवर तारामंडळे, म्हणजे जाता येण्याजोगे सगळे विश्व, एकही यान न गमावता पालथे घातले. कंपनीने त्या पात्राचा पुतळा खेळातच उभारला. ‘रूनस्केप’च्या काही खेळाडूंनी स्वतःवर बंधन घातले की, दुसऱ्याकडून काहीही घ्यायचे नाही, लागेल ती वस्तू स्वतः मिळवायची. नियमांच्या पुस्तकात असे काही नव्हते. 2014 साली कंपनीने हीच पद्धत ‘आयर्नमॅन’ या नावाने खेळात अधिकृतपणे घेतली.

या तिन्ही उदाहरणांत खेळाडूने स्वतःला अडचण घालून घेतली आहे, हे लक्षात घ्यावे. आनंद सोय वाढवून आलेला नाही. पुढे जाण्याचा सोपा रस्ता समोर दिसत असताना, आपल्याला अर्थपूर्ण वाटणारा अवघड रस्ता निवडल्याने आलेला आहे. आणि तो निवडायला पैसे, महागडा संगणक किंवा असामान्य कौशल्य लागले नाही. फुले खुडणे हे त्या खेळातले सर्वांत साधे काम होते.

यावर पहिला आक्षेप असा की, हे हट्टी लोकांचे चाळे आहेत. खेळ ज्यासाठी बनवला त्यासाठी खेळावा. पण कंपन्यांनाही आपला खेळ नेमका कशासाठी आहे हे सुरुवातीला कळलेले असतेच असे नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची पाचवी आवृत्ती 2013 साली आली ती गुन्हेगारीच्या धिंगाण्यासाठी. खेळाडूंमधल्या काही तंत्रज्ञांनी ‘फाइव्हएम’ नावाची सोय तयार केली. तिच्या आधाराने लोक स्वतःचे सर्व्हर उभारून त्या शहरात टॅक्सीवाला, डॉक्टर, हवालदार, वकील म्हणून जगू लागले. 2015 साली रॉकस्टार कंपनीने ‘फाइव्हएम’ बनवणाऱ्यांची खाती बंद केली. 2023 साली तीच कंपनी ‘फाइव्हएम’च्या मागचा गट विकत घेऊन मोकळी झाली. आठ वर्षांत चूक ती रीत ठरली. भारतातही यूट्यूबवर हिंदीतून चालणाऱ्या अशा शहरांना मोठा प्रेक्षक आहे, आणि ती पाहताना जाणवते की तिथे जे चालते ते बतावणीच्या फार जवळचे आहे : प्रसंग ठरलेला, शब्द हजरजबाबी. हे मराठीत, मिरजेच्या किंवा कऱ्हाडच्या बोलीत भरभरून व्हावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारा वारसा आपल्याकडे आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सूत्रधार पदे गातोय आणि नट भलतेच बोलत सुटला, तर प्रयोग कोसळतो. दहा जण मिळून राक्षसाशी लढत असताना अकरावा फुले वेचत बसला, तर दहांचा वेळ वाया जातो. हे मान्यच करायला हवे. आपली वाट आपल्या वेळेत आणि आपल्यासारख्यांच्या सोबतीने चालावी. ज्यांच्याशी लढाईचा करार केला त्यांच्याशी लढाईच करावी. म्हणून आपला गट शोधणे हा या आनंदाचा अर्धा भाग आहे. मात्स स्टीन या नॉर्वेच्या तरुणाची हकीकत इथे सांगावी लागते. स्नायू क्षीण करणाऱ्या ड्यूशेन आजाराने तो व्हीलचेअरला खिळला होता आणि 2014 साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. मुलाचे आयुष्य एकाकी गेले, असे आईवडिलांना वाटत होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी दिली, तेव्हा देशोदेशीच्या लोकांची पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये इबेलिन नावाने तो वर्षानुवर्षे एका गटाचा जिव्हाळ्याचा माणूस होता, कोणाचे दुःख ऐकून घेतलेले, कोणाला घरच्यांशी बोलते केलेले. अंत्यविधीला परदेशातून मित्र आले. 2024 साली त्याच्यावर माहितीपट निघाला. त्याच्या गटाला लेव्हलपेक्षा भूमिका वठवण्यात रस होता, म्हणूनच इबेलिनला तिथे जागा होती.

तिसरा आक्षेप घराघरांतला : हा सगळा वेळेचा आणि पैशाचा नाश आहे. व्यसनाची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली खेळण्याच्या विकाराला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. अभ्यासक निक यी यांनी 2006 साली नोंदवले की अशा खेळांचे खेळाडू आठवड्याला सरासरी वीस तास खेळतात आणि त्यांतले कित्येकजण त्याला दुसरी नोकरी म्हणतात. पण ही नोकरी कोण लावते ते पाहा. रोज हजेरी लावली तरच बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, नशिबाच्या पेटीतून काय निघेल त्यासाठी पैसे भरा, अशी रचना कंपनी करते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही; तिथे खिसा खराच रिकामा होतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 च्या कायद्याने बंदी आणली, पण पात्रासाठी कपडे आणि पेट्या विकणारे साधे खेळ चालूच आहेत. स्वतःची वाट असलेल्या खेळाडूवर या आमिषांची पकड सैल पडते. ज्याला नकाशातली प्रत्येक टेकडी पाहायची आहे, त्याला आज रात्री बारापूर्वी हजेरी लावण्याचे कारण उरत नाही. यामुळे ज्याचा ताबा सुटलाच आहे तो बरा होईल, असे मी म्हणत नाही. त्याला डॉक्टरची आणि घरच्यांची मदत हवी.

चौथा आक्षेप नाटकाच्याच इतिहासातून येतो. विष्णुदासांची रीत टिकली कुठे? 1861 साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, लिहिलेली ‘बुकिश’ नाटके वाढली, 1880 साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, आणि सांगलीच्याच परिसरातून हरिपूरचे देवल आणि सांगलीचे खाडिलकर हे लेखक उभे राहिले. नटाच्या मनच्या भाषणांची जागा कसलेल्या लेखकाच्या शब्दांनी घेतली आणि नाटक थोर झाले. मग खेळाडूनेही चांगल्या लेखकाची कथा निमूट का अनुभवू नये? याचे उत्तर असे की, नाटक थोर झाले ते समोर बसलेल्या प्रेक्षकासाठी. ऑनलाइन खेळात खुर्चीवर बसलेला कोणी नाही. नट खेळाडूच, प्रेक्षकही खेळाडूच. उत्तम लिहिलेली कथा ऐकायची तर कादंबरी आहे, सिनेमा आहे. खेळ आपल्याकडून भाषणाची अपेक्षा करतो.

शेवटचा आक्षेप मालकीचा. जग कंपनीचे आहे. सर्व्हर बंद केला की आपली सारी वाट पुसली जाते. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या पोरांनी खेळ असा हातातून जाताना पाहिला आहे. पण आश्रयदाता जाणे हे सोंग आणणाऱ्यांना नवे नाही. 1851 साली चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार सुटला, तेव्हा विष्णुदासांनी मंडळी घेऊन बाहेरगावची वाट धरली आणि 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. खेळाडूंनीही असेच केले आहे. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ एनसीसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर 2012 मध्ये बंद केला. खेळाडूंनी तो कित्येक वर्षे गुपचूप जिवंत ठेवला, नंतर उघडपणे चालवला, आणि जानेवारी 2024 मध्ये त्याच कंपनीने त्यांच्यातल्या एका गटाला तो चालवण्याचा रीतसर परवाना दिला.