खेळणे द्यावे, पण कसे?

एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे आणि चांगली आहे. पण घरातले तीन वर्षांचे पोर ती मानते का? शेजारचे मूल अंगणात आले आणि त्याने आपल्या पोराच्या गाडीला हात लावला, की काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. एकच आरडाओरडा! "माझी गाडी!" मग आई रागावते, "दे रे त्याला. असा काय अप्पलपोटा!" आणि गाडी हातातून ओढून घेते. एक मूल रडते, दुसरे भेदरते. वाटून खेळणे राहते बाजूलाच.

आता ठिकठिकाणच्या शाळांत एक चांगला कार्यक्रम होऊ लागला आहे. मुले घरून आपली खेळणी आणतात. ती एकत्र करून ज्या मुलांकडे खेळणी नाहीत त्यांना देतात. देशात २००९ सालापासून देण्याचा आठवडा पाळतात; आता तो २ ते ८ ऑक्टोबर असा असतो. त्याला आता 'दान उत्सव' म्हणतात. त्या आठवड्यात असे कार्यक्रम पुष्कळ होतात. २०२२ च्या मे महिन्यात भोपाळ शहरात त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वतः हातगाडी घेऊन रस्त्यावर फिरले आणि अंगणवाडीतल्या मुलांसाठी त्यांनी लोकांकडून खेळणी मागितली.

कार्यक्रम चांगला, यात शंका नाही. पण चांगले कामही नीट न केल्यास वाईट होते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमची चूक

आम्ही एका किनाऱ्याजवळच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. एके वर्षी आम्ही पालकांना निरोप पाठवला, "घरातली जुनी खेळणी पाठवा." टोपल्या भरून खेळणी आली. आम्हाला धन्यता वाटली. मंडप घातला, पाहुणे बोलावले. ज्यांना खेळणी द्यायची त्या मुलांची नावे मोठ्याने वाचली आणि एकेकाला वर बोलावले.

रापणीवर जाणाऱ्या एका गड्याची मुलगी वर आली. तिला कापडाची एक बाहुली मिळाली. इतक्यात समोर बसलेली दुसरी एक मुलगी हुंदके देऊन रडू लागली. बाहुली तिची होती. तिच्या आईने तिला न विचारताच ती टोपलीत टाकली होती. सगळा मंडप गप्प झाला. पाहुण्यांना काय बोलावे कळेना. ती पहिली मुलगी पायऱ्या उतरली, रडणाऱ्या मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "ही तुझी बावली मां? घे."

बाहुली देऊन ती परत आपल्या जागी जाऊन बसली. रिकाम्या हातांनी.

त्या दिवशी आम्हाला कळले, की त्या मंडपात खरे देणे एकच झाले. ते त्या गरीब मुलीने केले. बाकी आम्ही केले ते नुसते वाटप. आणि आमच्या वाटपाने दोन मुलींना दुखवले. एकीची वस्तू न विचारता घेतली. दुसरीची गरिबी चारचौघांत पुकारली. तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा विचार करीत आलो. तोच येथे मांडतो.

मूल का देत नाही?

दोन-अडीच वर्षांचे मूल 'माझे' हा शब्द शिकते. तो शब्द वाईट नाही. 'माझे' काय हे कळल्याशिवाय 'तुझे' काय हे कळत नाही. या वयाची मुले जवळ जवळ बसतात, पण आपापले खेळतात. एक वाळूत खड्डा करील, दुसरे शेजारी करवंटी भरील. यात काही बिघडले नाही. तीन-चार वर्षांच्या सुमारास 'आधी तू, मग मी' असे पाळीपाळीने खेळणे जमू लागते. पाच-सहा वर्षांचे मूल न्याय-अन्याय बोलू लागते. "त्याला दोन आणि मला एक का?" असे ते विचारते.

म्हणून दोन वर्षांच्या पोराला अप्पलपोटा म्हणू नये. आंब्याच्या रोपाला पहिल्या वर्षी फळ का धरत नाही, म्हणून त्याला आपण मारतो का?

पण देण्याचा आनंद मात्र लहानपणापासून असतो. कॅनडा देशात तज्ञांनी दोन वर्षांच्या आतील मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१२ साली छापून आला. मुलांना खाऊ दिला आणि एका हातबाहुल्याला त्यातला खाऊ द्यायला सांगितले. मुलांचे चेहरे नीट पाहिले. खाऊ मिळाला तेव्हा मुले हसली; पण दुसऱ्याला दिला तेव्हा अधिक हसली. त्यातही स्वतःच्या वाटणीतला दिला तेव्हा सर्वांत जास्त आनंद दिसला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. तीन ते पाच वर्षांची मुले होती. त्यांना चिकटवायचे एक सुंदर चित्र दिले. समोर एक उदास बाहुला ठेवला. काही मुलांना सांगितले, "चित्र त्याला द्यायचेच." काहींना सांगितले, "हवे तर स्वतः ठेव, हवे तर त्याला दे. तू ठरव." पुढे सर्व मुलांना पुन्हा चित्रे दिली आणि दुसरा बाहुला आणला. ज्यांनी पहिल्या वेळी स्वतः ठरवून दिले होते, त्यांनी या वेळी जास्त चित्रे दिली. ज्यांच्यावर सक्ती झाली होती, त्यांनी कमी दिली.

याचा अर्थ सरळ आहे. स्वतः ठरवून दिले, की मुलाला वाटते, 'मी देणारा आहे.' ओढून घेतले, की त्याला वाटते, 'माझे जाते.' सक्तीने वस्तू हातातून सुटते, पण हात काही मोकळा होत नाही.

देणे म्हणजे उपकार नव्हे

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या टोकियो शहरातल्या प्राणिसंग्रहालयाचे हत्ती मारले गेले. युद्ध संपल्यावर तिथल्या मुलांना हत्ती पाहायला मिळेना. त्यांनी आपले पंतप्रधान पंडित नेहरू यांना पत्रे लिहिली, "आम्हाला एक हत्ती द्या." १९४९ साली नेहरूंनी एक हत्तीण पाठवली. तिला त्यांच्या मुलीचे, इंदिरा हे नाव होते. नेहरूंनी कळवले, की ही भेट माझी नाही. भारतातल्या मुलांनी जपानमधल्या मुलांना दिलेली ही भेट आहे.

बघा, देण्याची रीत कशी असते. "आम्ही तुम्हाला दिले," असा तोरा त्यात नाही. मुलांनी मुलांना दिले, बरोबरीच्या नात्याने दिले. आपलीही शिकवण हीच आहे. या हाताचे त्या हाताला कळू नये.

तर मग कार्यक्रम कसा करावा?

पहिली गोष्ट. मुलाला विचारावे. आईबापांनी परस्पर टोपली भरू नये. "यातले कोणते तू दुसऱ्याला देशील?" असे विचारावे. ते 'नाही' म्हणाले तर आज राहू द्यावे. ज्या बाहुलीला उशाशी घेऊन मूल झोपते, ती मागूच नये.

दुसरी गोष्ट. मोडके देऊ नये. चाक नसलेली गाडी, डोळा नसलेला बाहुला म्हणजे दान नव्हे, ती अडगळ. जे खेळणे आपल्या पोराच्या हाती देताना लाज वाटेल, ते दुसऱ्याच्या पोराला देऊ नये. मोडले असेल तर मुलाला बरोबर घेऊन दुरुस्त करावे. त्यातून मूल दोन गोष्टी शिकते, जपणे आणि देणे.

तिसरी गोष्ट. नावे पुकारू नयेत, फोटोसाठी हात पुढे करवू नयेत. सर्व खेळणी एका खोलीत मांडावी. सर्वच मुलांनी आत यावे, आणलेले ठेवावे, आवडेल ते घ्यावे. ज्याच्याकडे आणायला काही नाही, त्याने माडाच्या पातीची पिपाणी करून आणावी, शिंपल्यांची माळ आणावी, सागरगोटे आणावेत. मग कोण देणारा आणि कोण घेणारा हे कुणालाच कळत नाही. सगळेच देतात, सगळेच घेतात.

चौथी गोष्ट. खेळणी तपासावीत. हे काम मोठ्यांचे. तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात मावेल असा मणी, बटण किंवा सुटा तुकडा नसावा; तो घशात अडकतो. बटणासारखे चपटे सेल फार घातक. असा सेल गिळला तर दोन तासांतच अन्ननळी भाजू लागते. तसे झाल्यास घरी थांबू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा असते. पत्र्याची खेळणी गंजतात, सेल आत फुटून पाझरतात. गंजलेली आणि रंगाचे पोपडे सुटलेली खेळणी देऊ नयेत. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि शिसे मुलाच्या मेंदूला अपाय करते. कापडाची खेळणी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी.

नवे खेळणे विकत घेऊन द्यायचे असेल, तर आयएसआय ही खूण पाहावी. कारखान्यात झालेल्या खेळण्यांवर ही खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे.

खेळण्याला पैसाच लागतो असे नाही

आपल्या जिल्ह्यात सावंतवाडी आहे. तिथल्या चितारआळीतली लाकडी खेळणी दूरवर माहीत आहेत. लाकडाची केळी, आंबे, पेरू, भोवरे, भातुकली. पूर्वी ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करीत. असे खेळणे आजीने खेळावे, आईने खेळावे, मग नातीने खेळावे. रंग उडाला तर पुन्हा देता येतो.

आणि विकतचे नसले तरी अडत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली ते काम कोसबाड येथे गेले. महागडी विलायती साधने त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांचीच साधने केली. मुले त्यांवरच मोजायला शिकली आणि रमली. आमच्या लहानपणी पोफळीच्या विरीवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, अशी आमची गाडी असे. त्या गाडीत वाटून खेळणे आपोआप येई. कारण ती एकट्याने चालतच नाही!

खेळण्यांची पेटी

एक शेवटची युक्ती सांगतो. १९३५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे एका दुकानातून मुले लहानसहान वस्तू चोरीत. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांच्याकडे खेळायला काहीच नव्हते. मुलांना शिक्षा करून गरज भागणार नव्हती. लोकांनी खेळणी गोळा केली आणि पुस्तकासारखी ती मुलांना घरी न्यायला देऊ लागले. वेळेवर आणि नीट परत आणायची, एवढीच अट. ती योजना पुढे कित्येक दशके चालली.

आपल्या गावात हे अवघड नाही. शाळेत किंवा अंगणवाडीत एक पेटी ठेवावी. एक वही घालावी. मुलाने खेळणे न्यावे, आठ दिवसांनी आणून द्यावे. वही लिहायला तुम्ही पुढे या. तुम्हाला आता लिहितावाचता येते. त्याचा असा उपयोग करा. आरंभाला २ ऑक्टोबर हा दिवस चांगला. तो गांधीजींचा जन्मदिवस. १९७५ साली आपल्या देशात अंगणवाडीची योजनाही त्याच दिवशी सुरू झाली.

आम्ही ती मंडपातली गोष्ट विसरलो नाही. पुढच्या वर्षी आम्ही मंडप घातला नाही. एका वर्गात पेटी ठेवली. ती मुलगी पेटीजवळ आली. काही न बोलता तिने आत शिंपल्यांची एक माळ ठेवली आणि एक भोवरा उचलला. जाताना ती आमच्याकडे पाहून हसली. तिची मान ताठ होती.

वाचकहो, खेळणे देताना एवढेच पाहा. घेणाऱ्या पोराची मान ताठ राहिली पाहिजे.

विचार करा

१. आपल्या मुलाचे खेळणे त्याला न विचारता कुणाला दिले आहे का? तेव्हा मुलाला काय वाटले असेल?
२. घरात कोणती खेळणी मोडकी आहेत? त्यांपैकी कोणती दुरुस्त होतील?
३. आपल्या गावात खेळण्यांची पेटी ठेवायची तर ती कोठे ठेवाल? वही कोण लिहील?