पायथॉनची नवी आवृत्ती आली, तरी लिनक्सवर जुनीच का दिसते?

पायथॉन 3.14 ऑक्टोबर 2025 मध्ये आलं. त्याच्या दोनच महिने आधी आलेल्या डेबियन 13 या लिनक्समध्ये मात्र 3.13 आहे आणि डेबियनची पुढची आवृत्ती येईपर्यंत तेच राहणार. मोबाइलवरचं अ‍ॅप तर रात्रीत अपडेट होतं. मग इथे एवढी वाट का पाहायची?

अनेक जण वाट पाहत नाहीत. एखादा व्हिडिओ बघून सिस्टिमचं पायथॉन स्वतःच बदलतात आणि मग उबंटूवर टर्मिनलच उघडेनासं होतं. कारण सिस्टिमची कितीतरी अवजारं त्याच पायथॉनवर चालत असतात.

मोबाइलचं अ‍ॅप आपलं बरंचसं सामान सोबत घेऊन येतं. लिनक्स डिस्ट्रिब्युशनमध्ये हजारो प्रोग्रॅम एकच पायथॉन वाटून वापरतात. चाळीतल्या सामाईक नळासारखं. नळ बदलायचा तर सगळ्या बिऱ्हाडांना विचारावं लागतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. नमपायसारख्या पॅकेजचा वेग त्यातल्या सी भाषेतल्या भागामुळे येतो आणि हा भाग बहुधा पायथॉनच्या एका ठरावीक आवृत्तीसाठीच कम्पाइल केलेला असतो. 3.12 साठी बनवलेला भाग 3.13 वर चालत नाही, तो पुन्हा बनवावा लागतो.

बदल होतो कसा?

डेबियनमध्ये या कामाला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. आधी नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी आणून ठेवतात. मग सी भाषेचे भाग असलेली पॅकेजेस दोन्हींसाठी बनवतात, तीही क्रमाने: आधी नमपाय, मग नमपायवर अवलंबून असलेली. जिथे गाडी अडते तिथे बग नोंदवला जातो. पुरेशी पॅकेजेस तयार झाली की नवी आवृत्ती मुख्य होते आणि सगळ्यात शेवटी जुनी काढतात. दुसरा एखादा मोठा बदल याच वेळी मध्ये येऊ नये, हे रिलीज टीम पाहते. वेळेत दुरुस्त न झालेलं पॅकेज यादीतून बाहेर जातं.

गाडी अडते कुठे? 3.12 मधून ‘डिस्टयुटिल्स’ हे जुनं मॉड्यूल काढलं गेलं. 3.13 मधून तर एकदम 19 जुनी मॉड्यूल्स गेली. त्यांच्यावर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा मूळ लेखक केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. मग डेबियनचे स्वयंसेवक दुसऱ्याचा कोड वाचून स्वतः दुरुस्ती करतात. खरा वेळ इथे जातो. कम्पाइल करायचं काम यंत्रं करतात.

पायथॉन 2 कडून 3 कडे जाताना तर कहरच झाला. पायथॉन 3 डिसेंबर 2008 मध्ये आलं. जुन्याला 2015 मध्ये निरोप द्यायचं ठरलं होतं, ती मुदत 2020 पर्यंत वाढवावी लागली. फरक किती खोलवर होता ते मराठीतच पाहा. पायथॉन 2 मध्ये साध्या स्ट्रिंगमध्ये ‘कमळ’ लिहून लांबी विचारली, तर उत्तर 9 यायचं. तिथे बाइट मोजले जायचे आणि यूटीएफ-8 मध्ये यातल्या प्रत्येक अक्षराला 3 बाइट लागतात. पायथॉन 3 मध्ये उत्तर येतं 3. अशा ठिकाणी प्रोग्रॅम बंद पडत नाही, गुपचूप वेगळं उत्तर देतो. हे शोधणं जास्त अवघड. डेबियन 11 मध्ये काही पॅकेजेस बनवण्यापुरतं पायथॉन 2.7 उरलं होतं. जून 2023 च्या डेबियन 12 मधून ते पूर्ण गेलं. म्हणजे पायथॉन 3 आल्यापासून साडेचौदा वर्षांनी!

मग नवं पायथॉन हवं असेल तर?

सिस्टिमच्या पायथॉनला हात लावू नका. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा कंटेनरमध्ये बसवा. फक्त एखादं पॅकेज हवं असेल, तर प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवून त्यात घ्या. डेबियन 12 पासून थेट सिस्टिममध्ये ‘पिप’ने काही टाकायला गेलात, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा एरर येतो. तो बिघाड नाही, मुद्दाम लावलेलं कुलूप आहे. ते तोडायचा पर्यायही पिपमध्ये आहे आणि त्याच्या नावातच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे.