बाधते ते दहीच का?

जेवणात दह्याची वाटी पुढे आली, की ‘मला नको, बाधते’ असे म्हणणारे घरात एकजण तरी असतेच. कोणाचे पोट फुगते, कोणाला गुडगुडते, तर कोणाच्या घशाशी आंबट येते. मग दही सुटते आणि त्याच्यामागोमाग ताकही. दूध बहुधा आधीच बंद झालेले असते. शाकाहारी घरात, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीने असे करणे परवडणारे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम, तर रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. त्याची काहीशी भरपाई नाचणी आणि तिळाने होईल. पण ब-१२ जीवनसत्त्वासाठी शाकाहाऱ्याला मुख्य आधार दूधदुभत्याचाच. तेव्हा दही वर्ज्य करण्यापूर्वी नेमके काय बाधते, याचा शोध घेतलेला बरा.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात तिचे प्रमाण सुमारे पाच ग्रॅम असते. ती पचविण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. अंगावर पिणाऱ्या बाळाकडे ते भरपूर असते. पण वय वाढेल तसे जगातील बहुसंख्य माणसांमध्ये ते कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. हा आजार नव्हे.

विरजणातील जिवाणू नेमके हेच काम भांड्यात आधी उरकून ठेवतात. दही लागताना लॅक्टोजचा साधारण पाव हिस्सा खर्ची पडून त्याचे लॅक्टिक आम्ल होते. दह्याला घट्टपणा आणि आंबटपणा येतो तो यामुळेच. पण खरी गंमत पुढे आहे. हे जिवाणू जिवंतपणी पोटात जातात, तेव्हा स्वतःजवळचे विकरही बरोबर नेतात आणि उरलेली साखर फोडण्यास हातभार लावतात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये योगर्टबाबतचा हा दावा ग्राह्य धरला, तो एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असण्याच्या अटीवर. म्हणजे दूध सोसत नाही म्हणून दहीही सोसणार नाही, असे मुळीच नाही.

मग तरीही त्रास का होतो? पहिला संशय घ्यावा तो अर्धवट विरजलेल्या दह्याचा. शहरातील घरात रात्री अकराला विरजण लागते आणि सकाळी सहाला दही डब्यात जाते. मुंबईच्या उन्हाळ्यात एवढा वेळ पुष्कळ झाला, पण पुण्याच्या डिसेंबरात तो पुरत नाही. वरून साय धरल्यासारखे दिसणारे ते दही आतून दूधच असते. आयुर्वेदाने अशा नीट न लागलेल्या दह्याला ‘मंदक’ असे नाव देऊन ते तिन्ही दोष वाढविणारे ठरविले आहे. परिभाषा वेगळी असली, तरी या मुद्द्यावर वैद्य आणि रसायनशास्त्र यांचे फारसे भांडण नाही. उकळलेले दूध कोमट, म्हणजे बोटाला सोसेल इतपत झाल्यावर चमचाभर ताजे विरजण नीट ढवळून घालावे, थंडीत भांडे कापडात गुंडाळून ठेवावे आणि सुरी घातली तर काप पडेल असे दही लागल्यावरच ते फ्रिजमध्ये ठेवावे. थंडाव्यात जिवाणूंचे काम मंदावते. घाईने आत ठेवलेले दही म्हणूनच कच्चे राहते. घट्टपणासाठी दूध पावडर घालण्याची युक्ती अनेकजण करतात. तिने लॅक्टोजही वाढते, हे लक्षात असू द्यावे.

याउलट तीन-चार दिवसांचे आंबट दही. त्यात साखर आणखी कमी झालेली असते, पण आम्लपित्त असणाऱ्याच्या छातीत जळजळते ते याच दह्याने. अशांनी ताजे दही दुपारच्या जेवणात घ्यावे. रात्री खाऊन लगेच आडवे होणे टाळावे. चरकसंहितेतही रात्री दही खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि तूप-साखर, मुगाचे वरण, मध किंवा आवळा यांच्या जोडीशिवाय खाऊ नये, असे सांगितले आहे. तापविण्याबाबत एवढेच म्हणता येईल, की कढी उकळली की जिवाणू मरतात. कढी चवीला उत्तम, पण जिवंत विरजणाचा लाभ तिच्यात नाही. विकतच्या दह्यातही विरजल्यानंतर पुन्हा तापविलेले प्रकार असतात, त्यामुळे डब्यावरचा मजकूर वाचावा.

अनेकदा तर दही निर्दोष असते. दहीवड्यातला तळलेला उडीद, कोशिंबिरीतला कच्चा कांदा, मिसळीची तर्री, यांनी पोट बिघडविले तरी नाव मात्र दह्याचे निघते. कांदा भल्याभल्यांना वायू धरवतो. तो वगळून आठवडाभर नुसते दही-भात खाऊन पाहिल्यास बराच उलगडा होतो.

प्रमाणाचेही तसेच. लॅक्टोज न पचणारी बहुतेक प्रौढ माणसे एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज फारशा त्रासाविना सोसतात. वाटीभर दह्यात ते याहून कमीच असते. तरीही सुरुवात दोन चमच्यांनी करावी, तीही रिकाम्या पोटी नव्हे तर जेवणाबरोबर. अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते आणि विकराला वेळ मिळतो. त्याहून सौम्य हवे असेल, तर पातळ ताक. चक्क्यातून पाण्याबरोबर बरेचसे लॅक्टोज निघून जाते, त्यामुळे दूध न सोसणारे काहीजण श्रीखंड निवांत खातात. मात्र त्यातल्या साखरेचा हिशेब वेगळा.

जुलाबाच्या आजारातून नुकतेच उठलेल्यांना काही आठवडे दूध सोसत नाही, कारण आतड्याचे अस्तर दुखावलेले असते. ही अडचण बहुधा आपोआप सरते. ज्यांना दह्याने अंगावर गांधी येतात किंवा धाप लागते, त्यांची गोष्ट निराळी. ती दुधातील प्रथिनांची अॅलर्जी असू शकते आणि तिथे चमचाभर दह्याचाही प्रयोग करू नये. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल, तर दह्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. लॅक्टोजचा संशय उरलाच, तर मोठ्या रुग्णालयांत श्वासातील हायड्रोजन मोजून त्याची तपासणी करता येते.