चाकणचा कोट आणि शाळेची वही

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला आलात की कारखाने आणि मालमोटारींची रांग आधी दिसते. पण याच गावात एक भुईकोट उभा आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. सन १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मोजक्या माणसांनिशी शायिस्तेखानाच्या फौजेला येथे सुमारे ५५ दिवस झुंजवले. अखेर मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडवला, तेव्हा कोट पडला.

सुरुंगाने एक बुरूज गेला. बाकीचा कोट मात्र पावसाने, झाडांच्या मुळांनी आणि माणसांच्या बेपर्वाईने खचत आला. आज काही बुरूज, तटाचे तुकडे आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत.

कोणी म्हणेल, "सिमेंट थापा, की झाले!" तसे नव्हे. जुने बांधकाम चुन्याचे. चुना ओल घेतो नि बाहेर सोडतो. वरून सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते आणि दगड झिजू लागतो. म्हणून आधी मोजमाप, नकाशा, छायाचित्रे. मग जाणत्या हातांनी चुन्याचेच काम.

गुरुजी, बाई, पहिली पायरी तुमचीच. मुलांना कोटावर न्या, टेपेने तट मोजू द्या. घरी आजी-आजोबांना विचारू द्या, इथे पूर्वी काय होते? त्या वह्या शाळेत जपा. पडलेला घडीव दगड मात्र हलवू देऊ नका. तो कुठे पडला, यावरूनच तो कुठला हे कळते.

ज्या मुलाने तट स्वतः मोजला, तो उद्या त्याचा दगड कोणाला उचलू देणार नाही.